शॅमेलिऑनची जीभ चुकते तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

किडा समोर आहे. शॅमेलिऑनचे, म्हणजे लांब जीभ फेकून किडे पकडणाऱ्या सरड्याचे, दोन्ही डोळे त्याच्यावर खिळलेले. मान पुढे येते, तोंड किंचित उघडतं, जिभेचं टोक ओठांपाशी दिसतं आणि तिथेच थांबतं. तोंड मिटतं. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रकार. पाळणारा बुचकळ्यात पडतो: भूक आहे, किडा हवाय, मग जीभ का टाकत नाही?

पुण्यात कोथरूडपासून खराडीपर्यंत फ्लॅटमध्ये विदेशी शॅमेलिऑन पाळणारी माणसं आता भेटतात, आणि त्यांच्याकडून वारंवार ऐकू येणारा प्रश्न हाच किंवा याच्या आसपासचा असतो. जीभ टाकतो पण नेम चुकतो. जीभ लांब जात नाही. चिमट्यातला किडा तोंडानेच ओढून घेतो. माती चाटतो. कुंडीतली पानं खातो. यातल्या काही गोष्टी अगदी नेहमीच्या आहेत आणि काहींमध्ये एकेक दिवस मोलाचा असतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शॅमेलिऑनच्या जिभेतला बिघाड क्वचितच फक्त जिभेचा असतो. उजेड, आहार, पाणी किंवा डोळे यांत काही आठवडे, काही महिने साचत आलेला दोष बऱ्याचदा सर्वांत आधी जिभेत दिसतो, कारण या प्राण्याच्या शरीरातलं सगळ्यात अवघड काम तीच करते. म्हणून जीभ चुकू लागली की तोंडात डोकावण्याआधी पिंजऱ्याकडे बघायला हवं.

कुठला शॅमेलिऑन?

भारतात शॅमेलिऑनची एकच जात आढळते. मराठीत तिला घोयरा म्हणतात. कोरड्या, काटेरी झुडपांच्या माळरानात तो राहतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो संरक्षित आहे. त्याला पकडून घरी ठेवणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. जखमी घोयरा दिसला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावं.

या लेखात बोलतोय ते विदेशी जातींबद्दल. येमेन आणि सौदी अरेबियातला व्हेल्ड शॅमेलिऑन आणि मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन या पाळल्या जाणाऱ्या मुख्य जाती. वन्य प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारात दोन्ही दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर आणि फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या नियमांनंतर अशा प्राण्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करणं बंधनकारक आहे. कागदपत्रांशिवाय कुणी 'स्वस्तात देतो' म्हणालं तर घेऊ नका. बॅगेत दडवून आणलेले सरपटणारे प्राणी मुंबई विमानतळावर पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. अशा प्रवासातून वाचलेला प्राणी उपाशी, तहानलेला आणि घाबरलेला असतो, आणि पुढे दिसणाऱ्या जिभेच्या तक्रारींची सुरुवात कित्येकदा तिथेच झालेली असते.

जीभ बाहेर पडते कशी

शॅमेलिऑनच्या तोंडाच्या तळाशी, घशाकडून पुढे आलेली एक टणक सळई असते. टोकाशी ती निमुळती होते. जीभ या सळईभोवती बाहीसारखी चढवलेली असते. सळईला वेढणारा एक जाडजूड स्नायू आवळला जातो तेव्हा स्नायू आणि सळई यांच्यामधले कोलॅजेनचे, म्हणजे चिवट तंतूंचे, पापुद्रे ताणले जातात आणि त्यांत जोर साठतो. नेदरलँड्सच्या डे ग्रोट आणि व्हान लेउवेन या संशोधकांनी २००४ साली ही रचना उलगडून दाखवली. स्नायूची पकड सळईच्या निमुळत्या टोकावर येते आणि साठलेला जोर एका क्षणात मोकळा होतो. सासवडची सीताफळं खाताना मुलं गुळगुळीत बी दोन बोटांत दाबून समोरच्यावर उडवतात, ती जशी सुटते तशीच जीभ सुटते.

हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात होतं. जीभ शरीराच्या साधारण दुप्पट लांबीपर्यंत जाऊ शकते (शेपूट सोडून मोजलं तर). जात जितकी लहान तितकी जीभ जोरकस. टांझानियातल्या बोटभर आकाराच्या एका जातीच्या जिभेचा वेग इतक्या झपाट्याने वाढतो, की तिचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाच्या २६४ पट होतो. क्रिस्टोफर अँडरसन यांनी हे २०१६मध्ये मोजलं.

किडा चिकटतो तो टोकावरच्या स्रावामुळे. हा स्राव माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट दाट असल्याचं त्याच वर्षी बेल्जियम आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं. शिवाय टोक मध्ये खोलगट होऊन किड्याला कवेत घेतं. या दोन्हींच्या जोरावर शॅमेलिऑन स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं भक्ष्यही ओढून आणू शकतो.

जीभ परत आणण्याचं काम मात्र दुसराच स्नायू करतो. तो एरवी घड्या घालून सळईवर बसलेला असतो. बाहेर जाताना साठवलेला ताण मदतीला असतो. आत येताना सगळी भिस्त या स्नायूच्या ताकदीवर. पुढच्या बऱ्याच गोष्टी या फरकातूनच उलगडतात, म्हणून तो लक्षात ठेवा.

विचित्र वाटतं, पण घाबरायचं कारण नाही

व्हेल्ड शॅमेलिऑन पानं खातो. जास्वंदीची पानं-फुलं, मनीप्लांटचे कोवळे शेंडे, कधी फळाची फोड. मोठे व्हेल्ड तर आवडीने खातात. त्यात बिघाड काही नाही. पिंजऱ्यात कण्हेरीसारखं विषारी झाड नाही ना, एवढं पाहायचं.

किडा तोंडाच्या अगदी जवळ असेल तर जीभ न टाकता जबड्यानेच पकडणंही नेहमीचं. फांदीला, भिंतीला, नव्या कुंडीला जिभेच्या टोकाने हलकेच स्पर्श करून बघणंही तसंच. कात टाकताना एखाद-दोन दिवस खाणं कमी होतं. रोज तेच रातकिडे पाहून कंटाळलेला पँथर शॅमेलिऑन नाकतोडा किंवा रेशीमकिडा दिसला की तुटून पडतो, असं पुष्कळांनी पाहिलंय.

मादीचं वेगळं. व्हेल्ड मादी नराशी संबंध न येताही अंडी घालते. त्याआधी ती खाणं सोडते, अस्वस्थ फिरते, तळाशी उतरून उकरत राहते. अशा वेळी तिला ओलसर रेती-मातीची खोल कुंडी द्यावी लागते. ती मिळाली नाही आणि अंडी आत अडकली तर मादी दगावते. अंड्यांसाठी शरीरातलं कॅल्शियमही मोठ्या प्रमाणात खर्ची पडतं, त्यामुळे अंडी घातल्यावर जीभ कमजोर झालेली मादी दिसली तर 'थकली असेल' म्हणून सोडून देऊ नये.

माती खाणं याच्या अधलंमधलं आहे. एखादा कण किड्याबरोबर गेला तर गेला. मुद्दाम, पुन्हा पुन्हा माती किंवा खडे तोंडात घेत असेल तर खनिजांची कमतरता डोक्यात आली पाहिजे. शिवाय आतडं तुंबण्याचा धोका वेगळाच.

चूक कुठे होते ते बघा

हा भाग नीट वाचा, कारण 'नेम चुकतो' या दोन शब्दांत चार निरनिराळे बिघाड दडलेले असतात. मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने बाजूने व्हिडिओ काढा. साध्या नजरेला न दिसणारं सगळं त्यात दिसतं, आणि डॉक्टरलाही तोंडी वर्णनापेक्षा तोच जास्त कामाला येतो.

पहिला प्रकार: जीभ जोरात जाते, लांबही जाते, पण किड्याच्या बाजूने निघून जाते. इथे संशय डोळ्यांवर घ्यायचा. शॅमेलिऑन अंतर ठरवतो ते डोळ्याचं भिंग किती फोकस करावं लागतं त्यावरून. १९७०च्या दशकात लिंडसे हार्कनेस यांनी शॅमेलिऑनना चष्म्याची भिंगं लावून हे तपासलं होतं. भिंग बदललं की जिभेचा अंदाज चुकत होता. त्यामुळे पापणीत अडकलेली कात, धूळ, जंतुसंसर्ग, सुजलेली पापणी यांतलं काहीही नेम बिघडवू शकतं. दिवसा एक डोळा मिटून बसणं हे शॅमेलिऑनमध्ये कधीच चांगलं लक्षण नसतं.

दुसरा प्रकार: दिशा बरोबर, पण जीभ अर्ध्यातच संपते. किडा वीतभर अंतरावर आणि जीभ चार बोटं जाऊन परत. किंवा सुरुवातीला सांगितलं तसं, जीभ टोकापर्यंत येते आणि सुटतच नाही. असं वारंवार होत असेल तर कॅल्शियमच्या कमतरतेचा विचार आधी करावा. त्याखालोखाल तोंडातली वेदना: हिरडीला संसर्ग, जिभेला जखम, तोंडाच्या कोपऱ्यातल्या ग्रंथीत साठलेला पू. ओठांच्या कडेला पिवळट, दह्यासारखा थर किंवा गालाकडे फुगवटा दिसतोय का ते बघा.

तिसरा: जीभ किड्याला लागते, पण किडा सुटून पडतो. म्हणजे फेक ठीक, चिकटपणा कमी. पाणी कमी पडणं, तोंडातला संसर्ग, जीवनसत्त्व 'अ'ची कमतरता ही इथली संभाव्य कारणं. आणि एक साधं कारणही आहे: पावडरीत लोळवून पांढराफटक केलेला किडा. पावडर फक्त चिमूटभर, किड्यावर जेमतेम दिसेल इतकीच हवी.

चौथा: किडा चिकटतो, पण जीभ परत यायला वेळ लावते किंवा लोंबकळते. इथे मघाचा फरक कामी येतो. अँडरसन आणि स्टीफन डेबन यांनी २०१०मध्ये व्हेल्ड शॅमेलिऑनवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की तापमान १० अंशांनी उतरलं तरी जीभ बाहेर टाकण्याची कामगिरी १० ते १९ टक्केच घटते, पण परत ओढण्याची ४२ टक्क्यांहून अधिक घटते. साठवलेल्या ताणाला थंडीची फारशी बाधा होत नाही, स्नायूला होते.

पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत याचा अर्थ सरळ आहे. रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. बाल्कनीत ठेवलेल्या शॅमेलिऑनला ऑफिसला निघायच्या घाईत सकाळी सातला मोठा नाकतोडा दिलात, तर जीभ त्याच्यापर्यंत व्यवस्थित पोहोचेल आणि त्याला ओढून आणताना मात्र अडेल. आधी शेकायचा दिवा लावा, तासभर अंग तापू द्या, मग खायला द्या. किडा किती मोठा चालेल, याचं ढोबळ माप म्हणजे शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधलं अंतर.

कॅल्शियम कमी पडलं की जिभेला काय होतं

स्नायू आवळण्यासाठी कॅल्शियम लागतं आणि हाडांच्या घट्टपणासाठीही तेच लागतं. रक्तातलं कॅल्शियम घटलं की शरीर हाडांमधून ते उपसायला लागतं. हाडं मऊ पडतात, वाकतात. याला 'मेटाबोलिक बोन डिसीज' म्हणतात. आपण 'हाडं मऊ पडण्याचा आजार' म्हणू. जिभेची सळई ज्या सांगाड्याचा भाग आहे, तोही या आजारातून सुटत नाही. आधाराची सळईच भक्कम नसेल आणि स्नायूही नीट आवळला जात नसेल, तर जीभ दूर जाणार कशी?

सिंहगड रस्त्यावर एका ओळखीच्यांकडे असाच व्हेल्ड पाहिला होता. 'आळशी झालाय, आमच्या हातूनच खातो,' असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. तो फांदीवरून चालायला लागला तेव्हा लक्षात आलं, की पुढच्या दोन्ही पायांची कोपराखालची हाडं सरळ नव्हती, बाहेरच्या बाजूला वाकली होती. अंग उचलून धरता येत नसल्याने पोट फांदीला घासत होतं. दुसरी फांदी पकडताना पंजा दोनदा निसटला आणि बोटं थरथरत राहिली. जीभ हे या सगळ्यातलं फक्त पहिलं लक्षण होतं, आणि त्याचा अर्थ लाडावलेपणा असा लावला गेला होता.

एक्स-रे काढला की हाडांची अवस्था कळते. उपचार डॉक्टरच्या देखरेखीखालीच करावे लागतात. वेळीच सुरू झाले तर पुष्कळ जनावरं सावरतात, पण एकदा वाकलेली हाडं पूर्ववत सरळ होत नाहीत.

"पण खिडकीतून ऊन येतं की!"

ऊन येतं, पण त्यातला हवा तो भाग काचेत अडतो. खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून शरीरात शोषलं जाण्यासाठी जीवनसत्त्व 'ड३' लागतं, आणि ते त्वचेत तयार होण्यासाठी उन्हातले यूव्हीबी किरण लागतात. साधी खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्ण थांबवते. काचेमागे शॅमेलिऑनला उजेड मिळतो, ऊब मिळते, पण ड३ मिळत नाही. ओळखीच्यांचा पिंजरा अशाच एका बंद, सुंदर खिडकीपाशी होता.

म्हणून घरात खास सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी यूव्हीबी ट्यूब लागते. ती प्रकाश देत राहते, पण तिच्यातले यूव्हीबी सहा महिने ते वर्षभरात ओसरतात. दिसायला काहीच फरक पडत नाही, त्यामुळे लावल्याची तारीख ट्यूबवरच लिहून ठेवणं बरं. ट्यूब आणि प्राणी यांच्यामधल्या बारीक जाळीतही काही किरण अडतात.

खरं ऊन कधीही श्रेष्ठ. सकाळी जाळीच्या पिंजऱ्यात बाल्कनीत ठेवता येतं, मात्र अर्ध्या भागात दाट सावली हवीच आणि पाणीही. काचेची पेटी उन्हात कधीच ठेवू नये, आत भट्टी होते. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा कोवळं ऊन सरलं की आत. आणि जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, त्या काळात ट्यूबला पर्याय नाही. बाल्कनीच्या उन्हावर उन्हाळा काढलेल्या जनावराकडे पावसाळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं.

"रानात कोण पावडर लावून देतं?"

कुणीच नाही. पण रानातला शॅमेलिऑन दिवसभर उन्हात असतो आणि वेगवेगळ्या झाडांवर वाढलेले नाना तऱ्हेचे किडे खातो. आपण देतो ते बाजारातले रातकिडे किंवा डुबिया झुरळं, एकाच प्रकारच्या खाण्यावर पोसलेली. रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो, आणि हवं असतं नेमकं उलट, कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट. हा तोल आपणच भरून काढायचा.

त्यासाठी दोन कामं. किडे द्यायच्या आदल्या दिवशी त्यांना चांगलं खाऊ घालायचं. किड्याच्या पोटातलं शेवटी शॅमेलिऑनच्याच पोटात जातं. शेवग्याचा पाला यासाठी उत्तम, कॅल्शियम भरपूर आणि मंडईत सहज मिळणारा. सोबत गाजर, लाल भोपळा. पालक टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. दुसरं काम पावडरीचं. व्हेल्ड आणि पँथरसाठी साधारण पद्धत अशी, की साधी कॅल्शियम पावडर जवळपास प्रत्येक वेळी थोडीशी, आणि ड३ व इतर जीवनसत्त्वं असलेली पावडर महिन्यातून दोनदा. तुमच्या जातीला, वयाला आणि उजेडाला साजेसं प्रमाण डॉक्टरकडून ठरवून घ्या.

मग टेकडीवरून नाकतोडे धरून आणले तर? विविधता मिळेल, पण शहरात कुठे काय फवारलंय याचा पत्ता नसतो. डेंगीसाठी धूरफवारणी होते, सोसायट्यांच्या बागांत कीटकनाशकं मारली जातात. घरातली झुरळं तर नकोतच. आणि पावसाळ्याच्या तोंडावर मावळात काजवे बघायला गेलात तर ते बाटलीत भरून आणू नका. अमेरिकेतल्या काजव्यांच्या एका गटातले किडे खाऊन पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. आपल्या काजव्यांची परीक्षा आपल्या जनावरावर घ्यायला नको.

"मग जीवनसत्त्व 'अ'चे थेंब घालू का?"

स्वतःच्या मनाने नको. 'अ' कमी पडलं की डोळे, तोंड आणि ग्रंथी यांचं ओलसर अस्तर कोरडं, जाड होऊ लागतं. पापण्या सुजतात, ओठांच्या कडा जाड दिसतात, वारंवार संसर्ग होतो. बेडकांमध्ये या कमतरतेमुळे जिभेचा चिकटपणा जाऊन ते उपाशी राहतात, हे चांगलं अभ्यासलं गेलंय. शॅमेलिऑनमध्येही पशुवैद्य त्याच दिशेने विचार करतात.

अडचण अशी की हे जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि जास्त झालं तर विषासारखं काम करतं. शिवाय ते ड३च्या कामात अडथळा आणतं. म्हणजे 'अ' कमी असेल असं गृहीत धरून माशाच्या तेलाच्या गोळ्या फोडून पाजल्या, तर कॅल्शियमचाच प्रश्न चिघळू शकतो. मला या बाबतीत सगळ्यात जास्त काळजी वाटते ती अशा घरगुती धाडसाची.

पाणी

शॅमेलिऑन बहुधा वाटीतलं पाणी पीत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब चाटतो. सकाळ-संध्याकाळ फवारणी आणि दिवसा काही वेळ थेंब-थेंब पाणी, एवढं हवंच. मेडिकलमधून नवा सलाईनचा सेट आणून तो पाण्याच्या बाटलीला जोडला की थेंब हवे तितके कमी-जास्त करता येतात. पुष्कळ जण हेच करतात आणि ते छान चालतं. पाणी पुरतंय की नाही ते विष्ठेबरोबर पडणाऱ्या पांढऱ्या भागावरून कळतं. तो पांढरा असेल तर ठीक. गडद पिवळा, नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय. उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारी हे झपाट्याने होतं.

"आपल्या हातून खातोय ना, मग काय बिघडलं?"

माझ्या मते खरा घात इथेच होतो. जीभ चालत नाही म्हणून आपण किडा तोंडाशी नेतो, तो खातो, वजन टिकतं आणि सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं. पण मूळ कारण आत चालूच राहतं. जीभ चुकणं ही आपल्याला मिळालेली लवकरची सूचना होती, आणि हाताने भरवून आपण तीच झाकून टाकली.

आजारी जनावराला हाताने भरवावं लागतं, त्यात काही वावगं नाही. फक्त त्याच आठवड्यात डॉक्टरची वेळ घ्या. विदेशी प्राणी तपासणारे पशुवैद्य पुण्यात आहेत, पण प्रत्येक दवाखान्यात नाहीत. जाण्याआधी फोन करून 'सरपटणारे प्राणी बघता का' असं स्पष्ट विचारा. सोबत स्लो मोशनचा व्हिडिओ, पिंजऱ्याचा फोटो, ट्यूबचं नाव आणि लावल्याची तारीख, पावडरींचे डबे आणि स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर दर आठवड्याला घेतलेल्या वजनांची नोंद न्या. निदान निम्मं तिथेच होतं.

जीभ बाहेरच राहिली तर

ही तातडीची गोष्ट आहे, दुसऱ्या दिवसावर ढकलायची नाही. जीभ वाळायला लागली की पेशी मरतात, आणि लोंबणाऱ्या जिभेवर तो स्वतःच पाय देतो किंवा ती चावतो.

ओढू नका, आत कोंबू नका, कापू तर अजिबात नका. निर्जंतुक सलाईन किंवा स्वच्छ पाण्याने जीभ सतत ओली ठेवा. प्राणी एका लहान, हवेशीर खोक्यात ठेवा, तळाशी ओलं मऊ कापड, फांद्या काढून टाकलेल्या. तसाच दवाखाना गाठा. जीभ जाळीत किंवा कुठे चिकटून अडकली असेल तर त्या जागी पाणी सोडत राहा आणि ती आपोआप सुटू द्या.

अशा दुखापती बऱ्याच अंशी टाळता येतात. जाळीच्या बाहेरच्या बाजूला बसलेल्या माशीवर जीभ टाकली की टोक जाळीत फसतं. चिमटा घट्ट धरून ठेवला आणि त्याने किडा पकडला तर ओढाताणीत जीभ दुखावते; जीभ लागताक्षणी किडा सोडून द्यायचा. रात्री पिंजऱ्यात मोकळे राहिलेले रातकिडे झोपलेल्या शॅमेलिऑनला कुरतडतात, तेही उचलून घ्यावेत.

जीभ गेली तर तो जगतो का?

जगू शकतो. मेलेला भाग कापावा लागला, टोक गेलं, तरी शॅमेलिऑन जबड्याने किडे पकडायला शिकतात आणि वर्षानुवर्षं जगलेलीही उदाहरणं आहेत. पण ते शिकेपर्यंत, आणि काहींच्या बाबतीत कायमच, माणसाला रोज वेळ द्यावा लागतो. किडा हातातून किंवा उथळ भांड्यातून अगदी ओठांपाशी न्यावा लागतो. सुरुवातीला मऊ रेशीमकिडे, मग हळूहळू बाकीचे. थेंब चाटणं त्याला अवघड जातं, म्हणून पाणी ड्रॉपरने ओठाच्या कडेला, एकेक थेंब, तो गिळतोय हे पाहत द्यायचं. घाईने तोंडात पिचकारी मारली तर ते श्वासनलिकेत जातं.